बारा हात खाली

दौंडला दिल्लीची गाडी थांबते पाच-सात मिनिटं. तेवढ्यात शिरूरहून आलेल्या मंडळींनी रुपालीला ओवाळलं, हार घातला, बॅनर धरून फोटो काढले आणि तिच्या पाठीएवढ्या दोन पिशव्या डब्यात कोंबल्या. गाडी हलली तेव्हा सगुणाबाईंचं लक्ष नातीकडं नव्हतं, नवऱ्याकडं होतं. म्हस्कूआबा खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चार पावलं चालले. तोंड उघडलं, मिटलं. मग गज सुटला आणि शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत ते फलाटावर तसेच उभे राहिले.

“काय सांगत हुता पोरीला?” सगुणाबाईंनी विचारलं.

“काय न्हाई. जपून जा म्हणलं.”

म्हणाले तर काहीच नव्हते. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कळत नाही असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

रुपाली त्यांच्या थोरल्या मुलाची, शंभूची मुलगी. वय चोवीस. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि सुट्टीच्या दिवशी शिरूरच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर कडे चढायला जायची. तिला हिमालयातल्या ज्या शिखरावर जायचं होतं त्याचं नाव जोगणी टिब्बा. पन्नास वर्षांपूर्वी त्या शिखरावर सगळ्यांत पहिल्यांदा दोन माणसं पोचली होती. एक हौसराव गुरुजी, मंडळाचे संस्थापक. दुसरा न्हावऱ्याचा एकवीस वर्षांचा धनगर, म्हस्कू. त्या चढाईची आठवण म्हणून या वर्षी मंडळानं आठ जणांची मोहीम काढली होती. तिथलाच एक वाटाड्या सोबत घेऊन, त्याच वाटेनं, त्याच माथ्यावर. गुरुजींनी तेव्हा माथ्यावर दगड रचून त्यात एक पितळी डबा ठेवला होता. तो डबा शोधून त्याच्याबरोबर फोटो काढायचा, असं ठरलं होतं.

म्हस्कू शाळेत चौथीच्या पुढं कधी गेले नव्हते. पण पावसाळ्यात मेंढरं घेऊन जुन्नरकडच्या डोंगरांत फिरताना एकदा कड्यात अडकलेलं कोकरू खांद्यावर टाकून ते उतरले, ते दोर लावून चढणाऱ्या गुरुजींनी पाहिलं. पुढच्या वर्षी गुरुजींनी त्यांना ओझी वाहायला म्हणून हिमालयात नेलं. ओझी वाहणारा शेवटी गुरुजींच्याच दोराला बांधलेला सगळ्यांच्या पुढं होता. परत आल्यावर गावानं बैलगाडीतून मिरवणूक काढली. शाळेच्या भिंतीवर अजून त्यांचं नाव आहे. दर सव्वीस जानेवारीला त्यांना खुर्चीवर बसवतात, शाल घालतात आणि दोन शब्द बोला म्हणतात. आबा उठून नमस्कार करतात आणि बसतात. लोक म्हणतात, मोठा माणूस, गर्व कसा तो नाही.

सगुणाबाईंनाही तसंच वाटत आलं होतं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा मिरवणूक होऊन तीन वर्षं झाली होती. सुरुवातीला त्यांनी दोन-चारदा विचारलं, वर काय असतं हो, कसं दिसतं. आबा म्हणायचे, बरफ असतो. बाकी काय न्हाई. पुढं लेकरं झाली, मेंढरं विकून गाई घेतल्या, ऊस आला, विचारायचं राहून गेलं.

दौंडहून आल्यापासून आबांचं जेवण तुटलं. ताटात भाकरी तशीच राहायची. सकाळी डेअरीत दूध घालून आले की गोठ्यात जाऊन बसायचे. शेजारची जाईबाई कुंपणावरून म्हणाली, “आबा, नात डोंगर चढाया गेली आन् दम तुम्हाला लागलाय व्हय?” आबा हसले, पण डोळे हसले नाहीत. सगुणाबाईंना वाटलं, पोरीची काळजी. त्यांनाही होतीच की. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा घेत नसत, तिन्हीसांजेला दिव्याशी अकरा वेळा देवाचं नाव घेतल्याशिवाय उठत नसत. आता त्या अकराचे एकवीस केले होते, एवढंच.

शनिवारी रुपालीचा फोन आला. रेंज असलेल्या शेवटच्या गावातून बोलत होती. हवा चांगली आहे, सगळ्यांची तब्येत चांगली आहे, वाटाड्या टेकराम फार शांत माणूस आहे, हवा अशीच राहिली तर मंगळवारी सकाळी माथ्यावर. “आबांना सांग,” ती म्हणाली, “त्यांनी ठेवलेल्या डब्याला पहिला हात मी लावणार.”

सगुणाबाईंनी निरोप सांगितला. आबा हातातलं वैरणीचं कवळं तिथंच खाली ठेवून गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. खंडोबाचा वार म्हणून सगुणाबाईंचा उपास असायचा. दुपारी त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आबा येऊन समोर बसले, दोन शेंगा उचलल्या, हातात फिरवत राहिले आणि शेंगांशीच बोलावं तसं म्हणाले, “डबा माथ्यावर न्हाई.”

“मग कुठं हाय?”

“खाली. बारा हात खाली.”

मग ते बोलत गेले, थांबत थांबत. चढाईच्या आधी पायथ्याच्या गावातला एक म्हातारा त्यांच्याबरोबर ओझी घेऊन बर्फापर्यंत आला होता. तिथून पुढं तो येईना. त्यानं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, हे शिखर म्हणजे जोगणीचं, देवीचं बसणं आहे. जा, बघा, पण तिच्या डोक्यावर पाय देऊ नका. बाकीची मंडळी शिकलेली. ती गालात हसली आणि दोर उलगडू लागली. म्हस्कूला मात्र हसू आलं नाही. त्यांच्या मेंढरांच्या वाड्याची रीतच तशी होती. डोंगरमाथ्यावर देवाचा दगड असला की मेंढरं खालच्या अंगानं वळवून न्यायची, देवाच्या वर माणसानं उभं राहायचं नाही. कोकरू वर गेलं तर पोरगं जाऊन आणील, पण तेही वाकून, हात टेकून. म्हस्कूनं म्हाताऱ्याचा हात धरला आणि शब्द दिला. हिंदी धड येत नव्हतं. मान हलवली, म्हाताऱ्याला कळलं.

“वर गेलो तवा धुकं हुतं,” आबा म्हणाले. “म्या म्होरं, गुर्जी मागं. त्यांच्या चष्म्यावर बरफ धरलेला. एक खडक लागला. तिथं मला धुकं फाटून दिसलं, वर आनखी बारा हात. पांढरा ढीग. नीट चढ हुता, अवघड काय न्हाई. गुर्जी मागून आलं. धाप लागलेली. म्हणलं, म्हस्कू, आलं का रं? आन् म्या म्हणलं, आलं गुर्जी.”

सगुणाबाईंचे हात थांबले.

“त्यांनी मला मिठी मारली. रडलं. झेंडा लावला, डबा ठिवला. इतका खूस माणूस म्या पुन्यांदा बघितला न्हाई. आन् म्या त्यांना फसावलं. उलीशी वाट राहिली हुती, अगं. गुर्जी त्याच समजुतीत गेलं.”

देवीला दिलेला शब्द पाळला याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्यासाठी ज्या माणसानं हाताला धरून वर नेलं त्याच्याशीच खोटं बोलले, हे पन्नास वर्षं पोटात होतं. आता मंगळवारी आठ माणसं त्या खडकाशी पोचणार. हवा निर्मळ. डबा इथं आणि माथा तिथं, हे आंधळ्यालाही दिसणार. गुरुजींच्या नावाची पहिली चढाई खोटी ठरणार, आणि ते उघडं करणारा पहिला हात रुपालीचा.

संध्याकाळी सगुणाबाई दिव्याशी बसल्या. नाव घेता घेता मनात आलं, देवा, मंगळवारी तिथं धुकं पडू दे. दाट पडू दे. डबा दिसूच नये कुणाला, पोरं तशीच माघारी येऊ देत. पाच नारळ देईन, असं ओठावर आलं, आणि त्या दचकल्या. पोर बर्फात उभी आहे आणि आपण तिच्या वाटेवर धुकं मागतोय. त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले. एकवीस नावं पुरी केली आणि काहीच न मागता उठल्या.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांच्याजवळ जाऊन त्या हळूच म्हणाल्या, “पोरगी वर पोचायच्या आत नीलमताईंला सांगायचं. मंगळवारी त्येंला दुसऱ्याकडनं कळलं तर ते उघडं पडणं झालं. उद्या तुम्ही सांगितलं तर ते सांगणं झालं.”

“त्या मला दारात उभं करतील का?”

“न्हाई केलं तर म्या असंन की बरुबर. दोघं उभं राहू.”

नीलमताई म्हणजे हौसराव गुरुजींची मुलगी. शिरूरला बाजार समितीच्या मागं राहायच्या, मंडळाच्या चिटणीस होत्या, मोहिमेची सगळी जुळवाजुळव त्यांनीच केली होती. सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघं शिरूरला गेली. नीलमताईंनी “या म्हस्कूमामा, मामी, आज कशी वाट चुकलात” म्हणून हसून आत घेतलं. पुढच्या खोलीत परतीच्या सत्काराचा मोठा फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता. भिंतीवर गुरुजींचा फोटो होता, तोच, बर्फातला, झेंड्याशेजारचा.

आबा खुर्चीवर बसले नाहीत. दाराशी चटईवर बसले आणि फोटोकडं न बघता सगळं सांगितलं. सगुणाबाईंना जे सांगितलं होतं तेच, फक्त या वेळी शेवटी म्हणाले, “ताई, गुर्जींचा काय दोस न्हाई. त्यांनी इचारलं, म्या खोटं सांगितलं. लोकांला काय सांगायचं ते माझं नाव घिऊन सांगा.”

नीलमताईंनी मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. चहावर साय धरली.

“आप्पा गेले तेव्हा पेपरला मीच लिहून दिलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “पहिल्यांदा माथ्यावर उभा राहिलेला माणूस म्हणून.” मग कप बाजूला सारून, “मामा, मला जरा वेळ द्या.”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सगुणाबाईंना परतीच्या एसटीत वाटत राहिलं. आबा खिडकीशी बसले होते. न्हावऱ्याच्या अलीकडं त्यांचा डोळा लागला. कितीतरी दिवसांनी लागला होता, म्हणून सगुणाबाईंनी उतरायचं गाव येईपर्यंत खांदा हलवला नाही.

मंगळवार गेला. त्या दिवशी आभाळ निळंभोर होतं, निदान न्हावऱ्यात तरी. बुधवारी संध्याकाळी रेंजच्या गावापर्यंत उतरलेल्या मंडळाच्या एका मुलाचा शंभूच्या फोनवर निरोप आला, सगळे चढाई करून सुखरूप खाली तळावर आले. सगुणाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पोर खाली उतरली, निम्मं ओझं उतरलं. उरलेलं निम्मं आबांच्या तोंडावर दिसत होतं. डब्याचं निरोपात काही नव्हतं. नीलमताईंचाही फोन नव्हता.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. नीलमताई. एकट्याच. डोक्यावरचा स्कार्फ सोडायच्या आधीच म्हणाल्या, “मामा कुठायत?”

आबा गोठ्यातून हात पुसत आले आणि खांबाशी उभे राहिले.

“बसा मामा. सकाळी रुपालीचा फोन आला मला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आले.” त्यांनी मोबाईल काढला, व्हिडिओ कॉल लावला, आणि ओट्यावरच्या शेंगांच्या पोत्याला टेकवून ठेवला. पडद्यावर रुपाली आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, आणि हसणं कानापर्यंत. तिच्या शेजारी टोपी घातलेला एक चाळिशीचा माणूस बसला होता.

“आबा, आम्ही वर गेलोच नाही,” रुपाली म्हणाली.

आबांना काही समजेना. रुपाली बोलायला लागली तशी मात्र समजत गेलं. मंगळवारी सकाळी त्या खडकाशी पोचल्यावर टेकरामनं सगळ्यांना थांबवलं. डबा तिथंच होता, दगडांच्या राशीत, हिरवा पडलेला. आणि वर, बारा हातांवर, माथा. दोघे-तिघे पुढं निघाले तर टेकराम आडवा उभा राहिला. म्हणाला, परवानगी इथपर्यंतच आहे. आमच्या गावाची अट आहे आणि ती तुमच्याच माणसांनी घालून दिली. इथून वर शिखर नाही, देवी आहे. शिखर इथं संपलं.

मग उतरताना त्यानं सांगितलं. म्हस्कूनं ज्याचा हात धरून शब्द दिला होता तो म्हातारा टेकरामचा आजा. त्या दिवशी गुरुजी आणि म्हस्कू खाली आले तेव्हा म्हस्कूचे पाय बर्फानं बधिर झाले होते. त्यांना तंबूत शेकत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी धुकं निघालं. गुरुजींनी दुर्बीण लावली आणि झेंडा बघितला. झेंड्याच्या वर माथा बघितला. टेकरामचा आजा शेजारी उभा होता. गुरुजींनी त्याला विचारलं, माझ्या पोरानं तुला काही वचन दिलं होतं का? म्हातारा घाबरला, पण हो म्हणाला.

“मग, आबा,” रुपाली म्हणाली, “गुरुजी दुर्बीण ठेवून खाली बसले आणि हसायला लागले. खूप हसले म्हणे. नंतर ते त्या गावात गेले, देवीच्या देवळात नारळ ठेवला आणि पंचांना सांगितलं, आम्ही तुमच्या देवीच्या डोक्यावर पाय दिलेला नाही. माझं काही कौतुक नाही, माझ्या पोरानं मला थांबवलं. त्या गावानं मान म्हणून त्यांच्या डोक्यावर आपली टोपी चढवली. तेव्हापासून जो येईल त्याला ते तिथंच थांबवतात. दर जत्रेला सांगतात ही गोष्ट. टेकरामभाऊंना तुमचं नाव पाठ आहे, आबा. मी तुमची नात आहे म्हटल्यावर ते माझ्या पाया पडायला लागले.”

टोपीवाला माणूस पुढं सरकला, हात जोडले आणि हिंदीत म्हणाला, “मस्कूजी, दादा कहते थे, आपने बोला नहीं, बस सिर हिलाया था.”

आबांनी मान हलवली. तेव्हा हलवली असेल तशीच.

“गुर्जींला ठावं हुतं?” ते म्हणाले. फोनला नव्हे, नीलमताईंना.

“माहीत होतं, मामा. टेकरामच्या आजोबांना आप्पांनी बजावलं होतं म्हणे, त्या पोराला हे कळू देऊ नका. मला कळलंय हे समजलं तर तो स्वतःला खोटारडा समजेल.” नीलमताईंनी डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या आणि हसल्या. “तुम्ही त्यांच्यापासून लपवलं आणि त्यांनी तुमच्यापासून. दोघं शेजारी खुर्च्या टाकून दरवर्षी सत्कार घेत होतात. सोमवारी तुम्ही आला नसता ना, तर सकाळी रुपालीचं ऐकून मला आधी आप्पांचाच राग आला असता. वाटलं असतं, घरात एवढं मोठं लपवलं. पण तुम्ही आधीच सगळं अंगावर घेऊन गेला होतात. मग माझ्याकडं रागवायला कोण उरलं?”

“सत्काराचं काय मग, ताई?” सगुणाबाईंनी विचारलं.

“होणार. फ्लेक्स तोच. फक्त या वेळी भाषणात सगळं सांगायचं, बारा हातांसकट. मी सांगेन नाहीतर मामा सांगतील.”

“ते कुठलं बोलत्यात,” सगुणाबाई म्हणाल्या.

आबा ओट्याच्या कडेवर बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले, उसाच्या मोळीखालून बाहेर आल्यावर माणूस घेतो तसे. मग म्हणाले, “थंडी अशी हुती की भाकरी दगडावाणी व्हायची. काखंत धरून बसायचो. गुर्जी म्हणायचं, म्हस्कू, तुझ्या काखंतली भाकरी मला नगं, माझी येगळी शेकून दे.”

फोनमधली रुपाली हसली. नीलमताई तर खुर्ची ओढून जवळच बसल्या. आबा बोलत राहिले. वाटेत बर्फाचा एक ओढा होता, वरून गोठलेला आणि आतून वाहणारा, त्याचा आवाज रात्रभर मेंढरांच्या खुरांसारखा यायचा. एका जागी गुरुजींचा बूट सुटून दरीत गेला तेव्हा त्यांनी पायाला घोंगडीचा तुकडा गुंडाळला. खडकाशी बसल्यावर धुक्यातून दोन कावळ्यांसारखे पक्षी आले आणि त्यांनी दोघांच्या हातातला गूळ बघितला. एकेक गोष्ट येत होती. सत्तेचाळीस वर्षांत सगुणाबाईंनी यातली एकही ऐकली नव्हती.

रस्त्यावर डेअरीच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला. गाई हंबरायला लागल्या होत्या, धार काढायची वेळ टळत होती. सगुणाबाईंनी आतल्या सुनेला हळूच सांगितलं, आजची धार तू काढ गं बाई. आणि त्या नवऱ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसल्या.

“मग?” त्या म्हणाल्या. “त्या पाखरांला गूळ घातला का न्हाई?”

“घातला की. गुर्जींनी आपला समदा घातला. म्या निम्मा ठिवला,” आबा म्हणाले आणि पुढं सांगू लागले.